कागद तीन, हिरे तीन: भरवसा कुठल्या सर्टिफिकेटवर ठेवायचा?

प्रश्न: मी नाशिकला राहतो. सात आठवड्यांनी माझा साखरपुडा आहे. अंगठीत एकच हिरा बसवायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. बजेट दीड लाख. तीन पर्याय समोर आहेत. पुण्याच्या एका पेढीत सुटा हिरा पाहिला: गोल, ०.५० कॅरेट, रंग जी, शुद्धता व्हीएस-२, जीआयएचा रिपोर्ट, किंमत ९५ हजार. आमच्या घरच्या सराफांकडे तेवढ्याच वजनाचा, रंग ई, शुद्धता व्हीव्हीएस-२, सोबत एका लॅबचं कार्ड (नाव आधी कधी ऐकलं नव्हतं) आणि दुकानाचं स्वतःचं सर्टिफिकेट. किंमत ८२ हजार. बाबा गेली तीस वर्षं त्यांच्याकडूनच सोनं घेतात. तिसरा ऑनलाइन: लॅबग्रोन, १.०२ कॅरेट, ई, व्हीव्हीएस-१, आयजीआयचा रिपोर्ट, ४२ हजार. जास्त चांगला हिरा स्वस्त कसा? आणि कुठल्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवू? तिन्ही कागदांचे फोटो जोडले आहेत.

उत्तर: नमस्कार. "जास्त चांगला हिरा स्वस्त कसा?" या एका प्रश्नात तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंय. त्याचं उत्तर मिळालं की बाकीचा गुंता बराचसा सुटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. रंगात डी सर्वांत पांढरा, पुढच्या अक्षरांत पिवळसरपणा वाढत जातो. शुद्धतेत व्हीव्हीएस वर, मग व्हीएस, मग एसआय. म्हणून कागदावर सराफांकडचा खडा पुण्याच्या खड्यापेक्षा सरस दिसतो.

अर्ध्या कॅरेटचा खडा जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन लॅबकडून तपासून घ्यायला काही हजार रुपये लागतात. सराफांकडच्या खड्याला जीआयएने खरोखर ई, व्हीव्हीएस-२ दिलं असतं, तर त्या खर्चाच्या कितीतरी पट पैसे वर सुटले असते. तो खडा सुरतेच्या कारखानदाराकडून दलालाकडे, तिथून ठोक व्यापाऱ्याकडे आणि मग तुमच्या सराफांकडे आला. यातल्या प्रत्येकाला तो रिपोर्ट काढण्यात फायदा होता, तरी कुणीच काढला नाही. या धंद्यात असं विसरून राहत नाही. पैलू पाडून झाले की खडा कुठल्या लॅबकडे पाठवला तर जास्त भाव येईल, याचा हिशोब तिथल्या तिथे होतो. कडक लॅबमध्ये ज्याचा निकाल चांगला लागेल तो तिकडे जातो. ज्याचा लागणार नाही, तो सैल हाताने ग्रेड देणाऱ्या लॅबकडे जातो. म्हणजे अनोळखी कार्ड घेऊन तुमच्यापर्यंत आलेला खडा आधीच एका चाळणीतून खाली पडलेला असतो. कार्डावर काय लिहिलंय यापेक्षा तो त्या लॅबकडे का गेला, हे आधी विचारायचं.

तुमच्या सराफांनी फसवलं, असं यातून निघत नाही. सोन्याचे अनेक चांगले जाणकार हिऱ्यासाठी ठोक व्यापाऱ्याच्या कार्डावरच विसंबतात, आणि ते कार्ड त्यांना जसं मिळालं तसं पुढे देतात. त्यांच्याशी कसं बोलायचं ते शेवटी सांगतो.

आता ग्रेड म्हणजे काय, ते थोडं पक्कं करून घ्या. रंग ठरवताना खडा पालथा ठेवून, ठराविक उजेडात, नमुन्याच्या खड्यांशेजारी धरून बघतात. शुद्धता १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाच्या मापाने ठरते. नजर माणसाची असते, म्हणून चांगल्या लॅबमध्ये एकापेक्षा जास्त लोक स्वतंत्रपणे बघतात. इतकं करूनही सीमेवरचा खडा दुसऱ्यांदा पाठवला तर एखाद्या पायरीचा फरक पडू शकतो. जीआयए म्हणूनच त्या कागदाला सर्टिफिकेट म्हणत नाही, 'रिपोर्ट' म्हणते, आणि ही हमी नाही, किमतीचा दाखलाही नाही, असं त्यावर स्पष्ट लिहिते.

डी ते झेड ही रंगाची पट्टी जीआयएनेच बसवली. त्याआधी बाजारात ए, डबल ए अशी अक्षरं कुणीही कशीही वापरायचं, म्हणून ती सोडून डी-पासून नवी सुरुवात केली. आज जवळजवळ सगळ्या लॅब हीच अक्षरं वापरतात, आणि गोंधळ तिथेच होतो. अक्षर एकच असलं तरी त्यामागचं माप एक नसतं. याचं सर्वांत मोठं उदाहरण २०१४ चं. रॅपनेट या हिरेव्यापाऱ्यांच्या खरेदी-विक्रीच्या जाळ्याने त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून ईजीएल नावाचे रिपोर्ट असलेले हिरे यादीत घेणं बंद केलं. जीआयएची अक्षरं वापरायची आणि ग्रेड मात्र कित्येक पायऱ्या वरचा द्यायचा, हा आक्षेप होता. कुणाच्या जुन्या दागिन्यासोबत असा कागद निघाला, तर त्यावरचं अक्षर आजच्या जीआयएच्या अक्षराशी जोडू नका.

नैसर्गिक सुट्या हिऱ्यासाठी आमचा क्रम साधा आहे. जीआयए असेल तर तोच आधार धरा. आयजीआय हीही मोठी, जुनी लॅब आहे, १९७५ साली अँटवर्पला सुरू झालेली. आपल्याकडे दागिन्यांसोबत सर्वांत जास्त तिचीच कार्डं दिसतात. तिचा नैसर्गिक हिऱ्याचा रिपोर्ट चालेल, पण त्याच अक्षरांच्या जीआयए हिऱ्यापेक्षा भाव कमी पडला पाहिजे. बाजारही तसाच धरतो. एचआरडी अँटवर्प ही तिसरी ओळखीची लॅब. याखेरीज जे कार्ड असेल, ते कोरं आहे असं समजून खडा पाहा. दुकानाचं स्वतःचं सर्टिफिकेट ही विकणाऱ्यानेच दिलेली ग्वाही आहे. परत घेण्याच्या अटींसाठी ते जपून ठेवा, ग्रेडसाठी त्याचा उपयोग नाही.

तुमच्या फोटोंमधली सर्वांत उपयोगी गोष्ट मात्र ग्रेडच्या रकान्यात नाही, मापांच्या ओळीत आहे. दोन्ही नैसर्गिक खडे ०.५० कॅरेटचे. पुण्याच्या खड्याचं माप आहे ५.०८ ते ५.११ बाय ३.१४ मिलिमीटर. पहिले दोन आकडे व्यासाचे, तिसरा खोलीचा. खोलीला सरासरी व्यासाने भागा: ३.१४ भागिले ५.०९५, म्हणजे ६१.६ टक्के. सराफांकडच्या कार्डावर ४.९२ ते ४.९५ बाय ३.२४ आहे. भागून बघा: ६५.७ टक्के. आणि त्याच कार्डावर कट, म्हणजे पैलूंची घडण, 'एक्सलंट' छापलाय. जीआयएच्या कोष्टकात गोल हिऱ्याची खोली ६३ टक्क्यांपुढे गेली की एक्सलंट मिळतच नाही. म्हणजे दुसरं मत न घेता, त्या कार्डाच्या स्वतःच्या आकड्यांवरूनच त्या लॅबचा हात किती सैल आहे, ते तुमच्यासमोर आलं. जी लॅब मोजून कळणाऱ्या गोष्टीत इतकी सूट देते, ती डोळ्याने ठरवायच्या रंगात आणि शुद्धतेत किती देत असेल, याचा अंदाज बांधा.

खोल खड्यात नुकसान दुहेरी होतं. वजन पोटात जातं, वरून खडा लहान दिसतो. ४.९३ मिलिमीटर व्यास म्हणजे नीट कापलेल्या ०.४५ कॅरेटच्या खड्याएवढा चेहरा. वरच्या पाच सेंटचे (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) पैसे तुम्ही न दिसणाऱ्या भागासाठी देता. शिवाय वरून शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवरून परत वर न येता बाजूने आणि खालून निसटतो, आणि खडा मधोमध काळवंडलेला दिसतो. असा खडा का कापतात? कारण ०.५०, ०.७०, १.०० या रेषांवर दर कॅरेटला भाव एकदम चढतो. कच्च्या हिऱ्यातून नीट कापला तर ०.४५ निघणार असेल, तर कारागीर खोली राखून काटा पन्नास सेंटवर नेतो. ही रेषा तुम्ही उलट्या बाजूने वापरू शकता. पुण्याच्या पेढीला ०.४६ ते ०.४९ मधले खडे दाखवायला सांगा. व्यासातला फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा, बोटावर कुणालाही कळणार नाही, आणि दर मात्र खालच्या गटातला लागतो.

कटचा ग्रेड जीआयए २००६ पासून देते, आणि तोही फक्त गोल ब्रिलियंटला. ओव्हल, पेअर, प्रिन्सेस या आकारांच्या जीआयए रिपोर्टवर पॉलिश आणि सिमेट्री असते, कटचा निकाल नसतो. तुम्ही गोल घेताय, त्यामुळे हे काम सोपं झालं. तरी 'ट्रिपल एक्सलंट' (कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही एक्सलंट) ऐकून थांबू नका, कारण एक्सलंटचा पट्टा रुंद आहे आणि त्याच्या कडेवरचे खडे मधल्यांइतके चमकत नाहीत. आकृतीवर चार आकडे शोधा. टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, ५४ ते ५८ टक्के, खोली ६० ते ६२.५, क्राऊनचा (कडेच्या वरच्या भागाचा) कोन ३४ ते ३५ अंश, पॅव्हिलियनचा (खालच्या भागाचा) ४०.६ ते ४१. क्राऊन ३६ कडे आणि पॅव्हिलियन ४१.४ कडे, असे दोन्ही एकाच वेळी चढलेले असतील तर तो खडा सोडा, कागदावर एक्सलंट असला तरी. पुण्याच्या खड्याचे आकडे ५७, ६१.६, ३४.५, ४०.८ आहेत. हे उत्तम आहेत. या चार आकड्यांसाठी पैसे मोजणं आम्हाला रंगाच्या दोन पायऱ्यांपेक्षा जास्त पटतं, कारण हिऱ्याची चमक इथून येते.

त्याच रिपोर्टवर फ्लुरोसन्स 'मीडियम ब्लू' आहे. अतिनील उजेडात खडा निळसर उजळतो, एवढाच त्याचा अर्थ. जी रंगाला मीडियम असल्याने डोळ्याला काही बिघडत नाही, पण बाजार अशा खड्याला थोडा कमी भाव देतो. ती सूट किमतीत धरली आहे का, हे विचारा. न धरता 'नन'च्या (फ्लुरोसन्स नसलेल्या खड्याच्या) दराने सांगितलं असेल तर घासाघीस करा. 'स्ट्राँग' किंवा 'व्हेरी स्ट्राँग' असता, तर दुकानाबाहेर उजेडात नेऊन दुधाळ दिसतो का, ते पाहायला सांगितलं असतं. गल्ल्यावर नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, त्याखाली खडा धरायला सांगा. रिपोर्टवर मीडियम ब्लू आहे तर खडा निळा उजळलाच पाहिजे. तो गप्प राहिला, तर कागद आणि खडा एकमेकांचे नाहीत.

शेरे म्हणजे कॉमेंट्सची ओळ बहुतेक लोक वाचतच नाहीत. 'अ‍ॅडिशनल क्लाऊड्स आर नॉट शोन' (आणखी बारीक धुक्यासारखे ठिपके आहेत, ते दाखवलेले नाहीत) हे व्हीएस-२ मध्ये नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. पण शुद्धतेचा ग्रेडच न दाखवलेल्या क्लाऊड्सवर आधारलेला आहे, अशा अर्थाचं वाक्य असेल तर सावध व्हा. ते बारीक धुकं खड्यात सगळीकडे पसरलेलं असू शकतं, आणि मग हिरा धुतलेला असूनही न धुतल्यासारखा दिसतो. दुधाळपणाचा वेगळा रकाना रिपोर्टवर नसतो. तसंच डी ते झेडच्या वरच्या अक्षरांत पिवळसर आणि तपकिरी झाक वेगळी सांगितली जात नाही. जी म्हणजे जी, झाक कुठलीही असो. या दोन गोष्टी डोळ्यानेच पाहाव्या लागतात. रिपोर्टला पर्याय नाही, तसाच प्रत्यक्ष पाहण्यालाही नाही.

तुमचा जीआयए रिपोर्ट 'डॉसियर' प्रकारचा आहे. त्यात दोषांचा नकाशा नसतो, फक्त यादी असते. यादीत 'फेदर' आहे, म्हणजे आत एक बारीक चीर आहे. व्हीएस-२ मध्ये ती नुसत्या डोळ्याला दिसणार नाही, पण ती कुठे आहे हे महत्त्वाचं. गर्डलपर्यंत, म्हणजे खड्याच्या कडेपर्यंत पोचलेली चीर असेल आणि नेमक्या तिथेच अंगठीची नखी दाबली, तर बसवताना कपची उडू शकते. भिंगातून जागा दाखवून घ्या, आणि बसवणाऱ्याला नखी तिथे येऊ देऊ नका म्हणून सांगा. गर्डल 'मीडियम' आहे, ते ठीक. 'एक्स्ट्रीमली थिन' असती तर नको म्हटलं असतं.

आता ई, व्हीव्हीएस हवंच का? आपल्याकडे 'ईएफ-व्हीव्हीएस' हे चांगल्या हिऱ्याचं दुसरं नावच झालंय. अर्ध्या कॅरेटच्या खड्यात व्हीव्हीएस-२ आणि व्हीएस-२ मधला फरक भिंगाखेरीज दिसत नाही, आणि भिंग लावूनही सराव नसेल तर सापडत नाही. रंगाचं तर कोंदणावर अवलंबून आहे. पिवळ्या सोन्याच्या नख्या खड्यात स्वतःची छटा टाकतात. तिथे एच, अगदी आयसुद्धा पांढरा दिसतो, आणि ई-साठी दिलेले पैसे सोन्यातच विरतात. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये बसवणार असाल तर जी-वर राहा. पिवळ्या सोन्यात असेल तर एच, व्हीएस-२ बघा आणि वाचलेले पैसे कटवर घाला. त्याखाली एसआय-१ मध्येही नुसत्या डोळ्याला स्वच्छ दिसणारे खडे मिळतात, पण काळा ठिपका टेबलाच्या मधोमध नाही ना, हे स्वतः पाहिल्याशिवाय घेऊ नये. ऑनलाइन तर नाहीच.

लॅबग्रोनबद्दल. तो खोटा हिरा नाही. 'अमेरिकन डायमंड' म्हणून जे विकतात त्याच्याशी त्याचं काही नातं नाही. तो कार्बनचाच, तितकाच कठीण हिरा आहे, फक्त जमिनीऐवजी यंत्रात वाढलेला. पण त्याचा रिपोर्ट वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. आयजीआयच्या लॅबग्रोन रिपोर्टचा नंबर 'एलजी'ने सुरू होतो आणि कडेवर 'लॅबग्रोन' असं कोरलेलं असतं. तुमच्या फोटोत ते बरोबर आहे. शेऱ्यात सीव्हीडी (वायूपासून थरावर थर चढवण्याच्या) पद्धतीने वाढवलेला आणि नंतर प्रक्रिया झालेली असू शकते, असं लिहिलंय, हेही नेहमीचंच. लॅबग्रोनमध्ये ई, व्हीव्हीएस सर्रास मिळतात, त्यामुळे त्या अक्षरांनी एक खडा दुसऱ्यापासून फारसा वेगळा ठरत नाही. जीआयएने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून लॅबग्रोनला ही अक्षरं देणंच थांबवलं आणि 'प्रीमियम' व 'स्टँडर्ड' असे दोनच वर्ग ठेवले. तुम्ही पाहायचं ते वेगळंच: सीव्हीडीच्या खड्यात तपकिरी झाक आणि धूसरपणा, एचपीएचटीच्या (प्रचंड दाब आणि उष्णतेत वाढवलेल्या) खड्यात निळसर झाक. पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून बाजूने पाहिलं की झाक लगेच कळते.

पैशाचं म्हणाल, तर लॅबग्रोनचे भाव गेल्या काही वर्षांत घसरतच आलेत, आणि बरीच दुकानं तो परत घेत नाहीत किंवा अगदी थोडक्यात घेतात. म्हणून ४२ हजार हे खर्च झाले असं धरूनच तो घ्यावा. मोठा, चमकदार खडा हवा आहे आणि पुढे मोडायचा प्रश्न नाही, असं तुम्हा दोघांचं असेल, तर त्यात कमीपणा काहीच नाही. तिला हे सगळं सांगा आणि दोघांनी मिळून ठरवा. आमचा आग्रह एवढाच की पुण्याच्या खड्याशी त्याची अक्षरं लावून तुलना करू नका. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

खडा ठरला की तोच खडा तुमच्या हातात येतोय, याची खात्री करायची. रिपोर्टचा नंबर जीआयएच्या संकेतस्थळावर 'रिपोर्ट चेक'मध्ये घाला. फोनवर स्वतः टाइप करा. कार्डावरचा क्यूआर खोट्या पानावरही नेऊ शकतो. उघडलेल्या पानावरची मापं, कोन, फ्लुरोसन्स कागदाशी ताडून पाहा. मग १० पटीचं भिंग मागा. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा, चिमट्यात धरलेला खडा भिंगापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर आणा, दोन्ही हात एकमेकांना टेकवून स्थिर करा, आणि उजेड बाजूने पडू द्या. खडा हळूहळू फिरवलात की कडेच्या पट्ट्यावर केसापेक्षा बारीक आकडे दिसतात. ते अगदी फिकट असतात, पहिल्यांदा सापडायला पाच मिनिटं लागली तरी घाई करू नका. दुकानात सूक्ष्मदर्शक असेल तर त्यावर मागा.

मात्र कोरलेला नंबर जुळला म्हणजे काम संपलं, असं नाही. लॅबग्रोन खड्यावर दुसऱ्या नैसर्गिक हिऱ्याचा नंबर कोरून विकल्याचे प्रकार जीआयएनेच जाहीर केलेत. खोटं करणारा माणूस नंबर कोरू शकतो, पण हुबेहूब तेच वजन, तीच मापं, तोच फ्लुरोसन्स आणि यादीत लिहिलेली चीर, हे सगळं एकत्र जमवणं फार अवघड असतं. म्हणून वजन करून घ्या. जीआयए दुसऱ्या दशांशापर्यंत वजन छापते आणि तिसरा आकडा ९ असेल तरच वर नेते, त्यामुळे ०.५० लिहिलेला खडा कॅरेटच्या काट्यावर ०.४९९ ते ०.५०८ च्या मध्ये भरला पाहिजे. व्यास आणि खोली गेजने मोजायला लावा. पेनासारखा 'डायमंड टेस्टर' टेकवून दुकानदार हिरवा दिवा दाखवील. तो उष्णता किती झपाट्याने वाहते एवढंच बघतो, लॅबग्रोनलाही तसाच पेटतो, आणि साध्या यंत्रावर मोझॅनाईट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्यालाही. नैसर्गिक की लॅबग्रोन, हे सांगणारी यंत्रं वेगळी असतात. मोठ्या पेढ्यांमध्ये ती असतात. तिथे तुमच्या समोर तपासून मागा.

हे सगळं खडा सुटा असतानाच. जीआयए सुटाच खडा तपासते. दागिन्यात बसवलेल्या हिऱ्याचा ग्रेड कुठल्याही लॅबने दिला तरी तो अंदाज असतो, आणि म्हणून त्यावर 'ईएफ', 'व्हीव्हीएस-व्हीएस' असे जोडग्रेड दिसतात. अंगठीच्या कडेला छोटे हिरे घेणार असाल तर त्यांच्यासाठी तसं कार्ड पुरेसं आहे, मधल्या खड्यासाठी नाही. बसवणाऱ्याला नंबरवर नखी येऊ देऊ नका असंही सांगा. चारही बाजूंनी बंद कोंदण केलंत तर नंबर कायमचा झाकला जातो. आम्ही नख्यांची अंगठी सुचवू. अंगठी घ्यायला जाल तेव्हा नंबर पुन्हा वाचा, पैसे पुरे करण्याआधी.

बिलात हिऱ्याची वेगळी ओळ हवी: रिपोर्टचा नंबर, वजन, रंग, शुद्धता, 'नैसर्गिक' हा शब्द आणि किंमत. सोन्याची ओळ निव्वळ वजनावर. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, अंगठीचं एकूण वजन ३.६०० ग्रॅम आणि त्यात मिळून ०.७० कॅरेट हिरे असतील तर ०.१४० वजा करून सोनं ३.४६० ग्रॅमच धरलं पाहिजे. हिऱ्याचा कॅरेट वजनाचा आणि सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा, हे घरच्यांनाही सांगून ठेवा, बोलण्यात नेहमी गल्लत होते. सोन्यावर बीआयएसची खूण, '१८के७५०' आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख-क्रमांक हवा. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर लगेच तपासता येतो. हॉलमार्क सोन्याबद्दल बोलतो, हिऱ्याबद्दल एक शब्दही नाही. जीएसटी सुट्या हिऱ्यावर १.५ टक्के, तयार दागिन्यावर ३ टक्के. परत घेण्याची अट टक्क्यांसकट लिहून घ्या, आणि ते टक्के बिलाच्या रकमेवर की त्या दिवशीच्या भावावर, हेही. असं बिल हातात असलं की वाद झाला तरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगात तुमची बाजू उभी राहते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही.

राहिले तुमचे सराफ. बाबांना बरोबर घेऊन जा आणि खड्याला नावं न ठेवता एवढंच म्हणा: "काका, खडा आवडला. जीआयएचा रिपोर्ट काढू, खर्च आम्ही देतो. ई, व्हीव्हीएस निघाला तर सांगितलेल्या किमतीला घेतो. नाही निघाला तर जो ग्रेड येईल त्याप्रमाणे किंमत ठरवू, किंवा खडा तुमच्याकडेच राहील." हे कागदावर लिहून दोघांनी सही करा. ते हो म्हणाले, तर त्यांनाही त्यांच्या व्यापाऱ्याबद्दल खरं काय ते कळेल. मात्र ६५.७ टक्के खोली कुठलीही लॅब कमी करू शकत नाही, तेव्हा रिपोर्ट कितीही चांगला आला तरी हाच खडा आम्ही घेणार नाही. जास्त सोयीचं हे, की त्यांनाच वरचे चार आकडे लिहून द्या आणि जीआयए रिपोर्टसह एच किंवा जी, व्हीएस-२ खडा मागवायला सांगा. मुंबईच्या बाजारातून तो त्यांना दोन-चार दिवसांत आणता येतो. अंगठी तर त्यांच्याकडेच घडवा, त्यांचा हात तिथे तीस वर्षं पारखलेला आहे.

वेळेचं बघा. नव्या रिपोर्टला काही आठवडे जाऊ शकतात आणि घडणावळीला दोन-तीन आठवडे धरावे लागतात. म्हणून नवा रिपोर्ट काढण्यापेक्षा रिपोर्ट असलेला खडाच घेणं तुमच्या सात आठवड्यांत नीट बसतं. पुण्याच्या पेढीला आजच फोन करून तो खडा पाच दिवस राखून ठेवायला सांगा, आणि तेवढ्यात सराफांकडून काय येतं ते पाहा. दोन्ही खडे पाहताना दुकानाच्या झगमगत्या दिव्यांखाली ठरवू नका. खिडकीजवळ जा, हाताची सावली खड्यावर धरा, आणि सावलीतही जो जिवंत दिसेल तो घ्या.